एमजीबीचा क्लच बसला? इंजिन उतरवण्याआधी सळीची चाल मोजा

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली माझी १९७१ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ऑक्टोबरात बाहेर काढली, तर क्लचचं पेडल सरळ तळाला गेलं. रत्नागिरीच्या एका गॅरेजात ऐकलं, "काका, क्लचप्लेट गेली. इंजिन उतरवावं लागेल." एमजीबीची प्लेट बदलायला खरंच इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणूनच हो म्हणण्याआधी तासभर गाडीखाली घालवा.

या गाडीच्या क्लचला केबल नाही. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरात जातं आणि तिथली सळी क्लच सोडवणारा फोर्क (दांडा) रेटते. तेल म्हणजे ब्रेक ऑइलच, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणात चार महिने हवा ओलीच. सिलिंडर आतून गंजतो आणि त्या खरबरीत भिंतीवर रबरी वॉशर फाटतो.

आधी बॉनेट उघडून मास्टरच्या डबीत पातळी बघा. उतरली असेल तर कुठेतरी गळती आहेच. ड्रायव्हरच्या पायाशी कारपेट उचला, पेडलच्या वर जिथे सळी आत जाते तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर मास्टर गळतोय. मग गाडी उचला, पण नुसत्या जॅकवर नाही, लोखंडी स्टँडवर. जांभ्याचे चिरे लावू नका, ओझ्याखाली ते चुरतात. स्लेव्हची रबरी टोपी मागे सारा. माझ्या गाडीत तिथून चहाच्या चोथ्यासारखा काळपट गाळ बोटांवर ओघळला.

गळती नसूनही दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टरचा वॉशर आतल्या आत तेल सोडतोय. दोन-तीनदा मारल्यावर ताठ होत असेल तर लाईनमध्ये हवा आहे.

आता महत्त्वाचं. घरातल्या कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि स्लेव्हची सळी किती सरकते ते पट्टीने मोजा. साधारण १२-१३ मिमी, म्हणजे अर्धा इंच हवी. कमी असेल तर दोष तेलाच्या बाजूचा, नाहीतर पेडलला मास्टरच्या सळीशी जोडणारी पिन झिजून तिचं भोक लांबट झालेलं असतं. ही पिन स्वस्त असते आणि तिच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. चाल पूर्ण असूनही गियर खरखरत असेल तरच दोष आत: प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या मागच्या जड चकतीला) चिकटली, किंवा बेअरिंग गेलं.

स्लेव्ह काढताना तो जागेवर असतानाच रबरी पाइप थोडा सैल करा, मग बोल्ट काढून पाइपाऐवजी सिलिंडरच फिरवा. पाइपाला पीळ पडत नाही. आतली भिंत नखाने चाचपा. नख अडकलं तर नवा सिलिंडरच घ्या, किट (नव्या रबरी वॉशरचा संच) घालून महिनाभरात पुन्हा गळेल. भिंत गुळगुळीत असेल तर किट पुरेल. नवा वॉशर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, त्याचा ओठ (पसरट कड) तेलाकडे ठेवून बसवा. पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लावलंत तर रबर फुगतं.

एअर काढायला दोघं लागतात. पेडल खाली, निपल (स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) उघडा, निपल बंद, मगच पेडल वर. डबी रिकामी होऊ देऊ नका. हवा हटतच नसेल तर मोठ्या सिरिंजने निपलमधूनच तेल वर ढकला. माझं काम त्यानेच झालं. रंगावर सांडलेलं तेल लगेच पाण्याने धुवा, ते रंग सोलतं.

मग इंजिन चालू करून पेडल दाबा, चार मोजा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला पाहिजे. तरी आठवडाभर गावातच फिरवा, रोज सकाळी पातळी बघा. खुणेवरून हलली नाही की गाडी परशुराम घाटाकडे काढा.