शुगरचे पेशंट, उपकेंद्र आणि नवीन सिस्टर: थोडं अनुभवाचं

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग झालं की बहुतेक जणींना आयसीयू नाहीतर ओटीच (ऑपरेशन थिएटर) पाहिजे असते, उपकेंद्राला जाते म्हटलं की घरचेच आधी नाक मुरडतात. मी कोल्हापूर जिल्ह्यात उसाच्या पट्ट्यात उपकेंद्रावर शुगरच्या पेशंटचं हे काम करते आणि मला ते मनापासून आवडतं, म्हणून नवीन येणाऱ्यांसाठी लिहितेय.

स्क्रीनिंगचं काम लवकर जमतं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (आजाराचा धोका मोजायची प्रश्नावली) आशाताई भरतात, स्कोअर 4 च्या वर गेला की त्यांना आधी तपासायचं, ग्लुकोमीटरवर रँडम (जेवणाची वेळ न बघता तपासलेली) शुगर 140 च्या वर आली की पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) एमओंकडे, म्हणजे मेडिकल ऑफिसरकडे, पाठवायचं. खरं काम त्याच्या पुढं चालू होतं.

पेशंटच्या घरी गेल्यावर लगेच बोटाला टोचू नका. आधी विचारा, मामा सकाळी उठल्यापासून काय काय करता? आमच्याकडं एक मामा पहाटे पाचला चहाबरोबर ग्लिमेपिराइड (शुगर कमी करायची गोळी) घेणार, मग म्हशींची वैरण, धार, डेअरीला दूध घालून तसंच रानात पाणी पाजायला, आणि न्याहारी अकराला! घाम यायचा, हात थरथरायचे, घरचे म्हणायचे ऊन लागलंय. तपासली तर 58. शुगर 70 च्या खाली म्हणजे लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, 15 मिनिटांनी परत तपासायची, मग भाकरी खायला लावायची. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ 108 ला फोन. डोस आपण बदलायचा नसतो, पण हा सगळा दिनक्रम मी एमओंना लिहून दिला आणि त्यांनी गोळी न्याहारीच्या वेळेला नेली. हे केसपेपरवर कुठंच नव्हतं, विचारलं म्हणून कळलं.

इन्सुलिनवाल्यांना तुमच्यासमोर भरून दाखवायला सांगा. सरकारी पुरवठ्याची बाटली बहुतेक एका मिलीला 40 युनिटची असते, तिला लाल टोपणाची 40 चीच सिरिंज लागते, मेडिकलमधनं कुणी 100 ची आणली की डोस चुकला. फ्रीज नसेल तर पाण्याच्या गार मडक्यावर प्लास्टिकच्या डबीत ठेवायला सांगा, फ्रीज असला तरी बर्फाच्या कप्प्यात नाही.

गुळाचं तर विचारूच नका. गुऱ्हाळाच्या गावात "गुळानं शुगर वाढत नाही ओ सिस्टर" हे प्रत्येक घरात ऐकाल. वाढते, साखरेसारखीच वाढते. पण एकदम सगळं बंद करा म्हटलं तर पुढच्या वेळी दारच उघडणार नाहीत, म्हणून मी आधी फक्त चहातला गूळ कमी करायला सांगते आणि पुढच्या महिन्यात पुढचं बोलते.

आणि पाय बघितल्याशिवाय उठायचं नाही. अनवाणी रानात जाणारी माणसं, पाचटाचं टोक घुसलं तरी कळत नाही कारण संवेदनाच गेलेली असते, त्यामुळं बोटांच्या मधली जागा स्वतः बघा, मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) बॅगेत ठेवा, लाजायचं काही नाही.

नदीकाठचं गाव मिळालं तर अजून एक. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोळ, करवीरमधल्या कितीतरी लोकांना घर सोडावं लागलं. म्हणून जूनच्या आतच इन्सुलिनवाल्यांची यादी आशाताईंकडं पण देऊन ठेवा, आणि प्रत्येकाला महिन्याभराच्या गोळ्या, सिरिंज आणि केसपेपर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायला लावा.