लाउंजची खात्री घरूनच करून निघा

मुंबई विमानतळावर, सहारच्या टी-२ टर्मिनलमध्ये, लाउंजच्या (म्हणजे बसायला-खायला सोय असलेल्या प्रतीक्षागृहाच्या) दारात हुज्जत घालून काही निष्पन्न होत नाही. तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातात फक्त मशीन असतं, नियम बँकेचे. बऱ्याच बँकांनी क्रेडिट कार्डावरचा लाउंजमधला मोफत प्रवेश आता आधीच्या तिमाहीतल्या खर्चाशी जोडलाय. म्हणजे मे महिन्यात निघणार असाल, तर जानेवारी ते मार्चमध्ये कार्डावर किती खर्च केला ते बघतात. त्यातही घरभाडं किंवा वॉलेटमध्ये भरलेले पैसे अनेकदा धरतच नाहीत. ग्राहकाला हे ठळक अक्षरांत सांगायला हवं, पण सांगत नाहीत. म्हणून तिकीट काढतानाच बँकेच्या ॲपमध्ये अट वाचा.

देशांतर्गत लाउंजमध्ये कार्ड तपासताना सहसा २ रुपये कापतात, तेव्हा दुकानातल्या मशीनवरचे व्यवहार ॲपमधून बंद केलेले नाहीत ना, ते पाहा.

आई-बाबा सोबत असतील तर खास काळजी घ्या. तुमच्या कार्डावर बहुतेक वेळा तुम्हालाच प्रवेश मिळतो. प्रायॉरिटी पासवर (काही कार्डांसोबत मिळणारं, जगभरच्या लाउंजचं सदस्यत्व) सोबत्याला नेलंत, तर त्याचे पैसे नंतर तुमच्या कार्डावर लागू शकतात, तेही डॉलरच्या हिशेबाने. त्यांच्याकडे स्वतःचं रुपे कार्ड असेल तर त्यावर ही सोय आहे का, तेवढं आधी विचारून ठेवा.