कमी पगाराची पहिली नोकरी: हो म्हणण्याआधी हा हिशेब मांडा

पहिल्या नोकरीची ऑफर आली की घरात दोन सूर लागतात: "घरी बसण्यापेक्षा बरं" आणि "एवढं शिकून एवढाच पगार?" आधी हातात नेमके किती पडणार ते काढा, मग दोघांशी बोला.

ऑफर लेटरवर वार्षिक २ लाख ४० हजार दिसले की आपण महिना २० हजार धरतो. चूक इथेच होते. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा असतो आणि बहुतेक ठिकाणी कंपनीने भरायचा पीएफ, ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी), ग्रॅच्युइटी त्यातच मोजलेली असते. बेसिक १२,००० असेल तर कंपनीचा पीएफ १,४४०, ग्रॅच्युइटी ५७७ आणि ईएसआय ५६६ वजा होऊन ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, उरतो साधारण १७,४००. त्यातून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआय १३१, प्रोफेशन टॅक्स २०० कापून खात्यात येतात १५,६००च्या आसपास. महिलांना दरमहा २५ हजारांपर्यंत प्रोफेशन टॅक्स नाही. व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारी, बदलती रक्कम) लिहिले असेल तर ते शून्यच धरा.

आता खर्च. घर सोलापूर शहरात आणि कारखाना पुणे रस्त्यावर चिंचोळी एमआयडीसीत असेल, तर समजा जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस, गाडीला ५०चा ॲव्हरेज: जवळजवळ २१ लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजारांच्या वर. डबा घरचा, भाडे नाही. पुण्यात मात्र कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे) खोली, दोन वेळची मेस, बस आणि महिन्यातून एकदा गावी येणे, असे आजचे दर विचारून लिहा. शिवाय खोलीचे डिपॉझिट, आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचे चाळीसेक दिवस. ही रक्कम घरून येणार की कर्जातून, हे जायच्या आधी ठरवा. पुण्याचे २० हजार सोलापूरच्या १३ हजारांपेक्षा कमी भरतात, असे पुष्कळदा होते.

तरीही निर्णय नुसत्या पैशावर करू नका. वर्षभराने बायोडेटात कोणती नवी ओळ लिहिता येईल, हे आम्ही सर्वांत महत्त्वाचे मानतो. अकाउंट्समध्ये नुसत्या टॅलीच्या एंट्र्या मारायच्या, की जीएसटी रिटर्न, टीडीएस आणि बॅलन्सशीट फायनल करण्यापर्यंत हात लागणार? टॉवेल कारखान्यात दिवसभर गठ्ठे मोजायचे, की पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, परदेशी गिऱ्हाइकाशी मेल हेही बघायला मिळणार? इंटरव्ह्यूत थेट विचारा: "मी कोणाच्या हाताखाली असेन? या जागेवर आधी कोण होतं, ते आता कुठे आहेत?" उत्तर टाळले तर तेही उत्तरच. शिकवणारा माणूस असेल तर दोन-तीन हजार कमी चालतील. शिकण्यासारखे काही नसेल आणि पगारही कमी असेल, तर नाही म्हणा.

काही गोष्टींवर मात्र तडजोड नको. मूळ मार्कशीट किंवा सर्टिफिकेट ठेवून घेणारी, ट्रेनिंग फी किंवा डिपॉझिट मागणारी नोकरी सोडून द्या. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत, रक्कम आणि कोणते ट्रेनिंग याबद्दल, हे वाचल्याशिवाय सही नको. कामाच्या प्रकारानुसार ठरलेल्या किमान वेतनापेक्षा पगार कमी वाटला तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दर विचारा. त्यातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. "ट्रेनी" म्हटले तर अप्रेंटिस कायद्याखाली नोंदणी आहे का, ते विचारा. नोंदणी असेल तर मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन.

पगार वाढवून मागायला लाजू नका, पण "परवडत नाही" म्हणू नका, काम दाखवा. "हे काम मला करायचंच आहे. सहा महिन्यांनी आढावा घेऊन १८ हजार करू, असं लेटरमध्ये लिहून द्याल का?" तोंडी आश्वासन साहेब बदलला की संपते. लिहून देत नसतील तर तुम्हीच त्याच संध्याकाळी मेल टाका: "आज ठरल्याप्रमाणे..." निर्णयाला दोन दिवस मागा, आणि होकार कळवण्याआधी नोटीस पिरियड किती, ते बघा. नव्वद दिवसांचा असेल तर पुढची चांगली ऑफर त्यापायी हातची जाते. प्रोबेशनपुरता तरी तो पंधरा दिवसांवर आणायला सांगा.