कोटिकोनांची शाब्दिक उदाहरणं: बेरीज ९० आली म्हणून खूश होऊ नका

दोन कोनांच्या मापांची बेरीज ९०° तर ते एकमेकांचे कोटिकोन, १८०° तर पूरक कोन, हे तुम्हाला पाठ असेलच. (हिंदी व्हिडिओ बघत असाल तर जपून, तिथे 'पूरक' म्हणजे ९०.) माझी गाडी अडायची ती याच्या पुढे.

'एका कोनाचे माप त्याच्या कोटिकोनाच्या दुपटीपेक्षा १५° ने कमी आहे, तर त्या कोनाचे माप काढा.' मी बिनधास्त लिहायचे: कोन क्ष, कोटिकोन २क्ष − १५. म्हणून ३क्ष = १०५, क्ष = ३५. ताळा केला, ३५ आणि ५५ मिळून ९०. तरीही उत्तरावर लाल काट! कितीतरी दिवस मला वाटायचं, तपासणाऱ्याचंच चुकतंय.

चुकत माझंच होतं. 'कोन' शब्द आधी आला म्हणून मी त्याला क्ष मानलं आणि दुप्पटही त्याचीच केली. दुप्पट करायची होती कोटिकोनाची. विचारलेला कोन ५५°, आणि ३५° हा त्याचा कोटिकोन. आकडे दोन्ही बरोबर, नावं उलटी, म्हणून बेरजेच्या ताळ्यात ही चूक कधीच सापडत नाही. ताळा मूळ वाक्यात घालून करा, तोही मोठ्याने: 'पस्तीस हा पंचावन्नच्या दुपटीपेक्षा पंधराने कमी.' ११० मधून १५ गेले की उरतात ९५. कुठे ३५, कुठे ९५!

तेव्हापासून मी 'च्या दुपटीपेक्षा' ज्या शब्दाला चिकटलंय त्याच्यावर बोट ठेवते आणि त्यालाच क्ष मानते. विचारलेल्या कोनालाच क्ष मानायचं असेल तर माना, पण मग क्ष = २(९० − क्ष) − १५ असं लिहा. यातला कंस खाल्लात की उत्तर ८२.५ येतं.

'९० मध्ये फरक मिळव आणि दोनने भाग' ही युक्ती मला एका दादाने शिकवली होती. त्याच्यावर माझा अजून राग आहे. ती चालते फक्त दोन कोनांमधला फरक सरळ दिलेला असेल तेव्हा. मी ती दिसेल तिथे लावत सुटले.

पण घाबरू नका. समीकरण सोडवणं दोन-तीन ओळींचं काम आहे, मारामारी असते ती वाक्याशी. दहा-बारा उदाहरणांत नजर बसते.

आता हे करून बघा: एक कोन त्याच्या कोटिकोनाच्या तिपटीपेक्षा १०° ने जास्त आहे, तर तो कोन किती? उत्तर २०° आलं असेल तर वाक्य पुन्हा वाचा.