अँप्लिफायरची घरघर: कपॅसिटर बदलण्याआधी या चुका टाळा

अँप्लिफायर घरघरला की पहिला हात फिल्टर कपॅसिटरकडे, म्हणजे सप्लायचा चढउतार सपाट करणाऱ्या कपॅसिटरकडे जातो. 4700 मायक्रोफॅरडचा काढायचा, 10000 चा टाकायचा. घरघर तशीच. मग ट्रान्सफॉर्मरवर संशय, मग आवाज वाढवणाऱ्या आयसीवर. आवाज कुठून येतोय हे शोधायला पाच मिनिटं पुरतात, पण नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर तेवढीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे: सप्लाय, ग्राउंडचं (सर्किटच्या शून्य व्होल्टचं) वायरिंग किंवा आउटपुट बोर्ड. व्हॉल्यूमबरोबर ती वाढली तर दोष इनपुटकडे. मग जुन्या आरसीए पिनेचं मधलं टोक आणि बाहेरची कडी सोल्डरने जोडून ती पिन इनपुटला लावा. आवाज थांबला तर केबल किंवा तिच्या पलीकडचं यंत्र तपासा. अशी पिन मी हत्यारांच्या डब्यात कायम ठेवतो.

सूरही ऐका. घरातली वीज 50 हर्ट्झची, पण ब्रिजमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडमधून गेल्यावर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) 100 हर्ट्झचा होतो, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. मिरजेच्या तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला हा फरक लगेच कळेल. खर्जातली घरघर असेल तर तुटलेलं शिल्ड (सिग्नलच्या वायरभोवतीची जाळी), ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेलेली इनपुट वायर किंवा ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन झालेलं वेटोळं. वरच्या सप्तकातली, जरा खरखरीत असेल तर सप्लाय किंवा त्याचं ग्राउंड.

आता कपॅसिटरचा हिशोब. 4700 मायक्रोफॅरडवर 1 अँपिअर ओढला तर रिपल सुमारे 2 व्होल्ट. पण गाणं बंद असताना टीडीए 2030ए ची एक आयसी जेमतेम 50 मिलिअँपिअर घेते, तेव्हा रिपल 0.1 व्होल्टच्या आसपास, आणि तेवढा आयसी स्वतःच दाबते. शांत असताना घरघरणाऱ्या सेटमध्ये कपॅसिटर सुकलेला नसेल, तर मोठा टाकून काही साधत नाही.

विश्रामबागेतल्या एका घरच्या सेटचं हेच झालं. 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर, दोन आयसी. 10000 चे कपॅसिटर टाकल्यावर घरघर उलट तिखट झाली. सेंटर टॅपची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या 0 टोकाची वायर आधी इनपुटच्या ग्राउंडला आणि तिथून कपॅसिटरला नेलेली होती. कपॅसिटर चार्ज होतानाचे करंटचे झटके त्याच तुकड्यातून जात होते, आणि कपॅसिटर मोठा केल्यावर झटके अरुंद आणि उंच झाले. सेंटर टॅप थेट दोन्ही कपॅसिटरच्या जोडावर नेली. त्या जोडापासून एक जाड वायर काढून तिच्या टोकाशी इनपुट, आयसी आणि स्पीकरचं ग्राउंड एकत्र केलं. जुने 4700 परत बसवले, आणि स्पीकर गप्प झाले.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. अँप्लिफायरला जोडलेला लॅपटॉप चार्जरला लावला की घरघर, काढला की शांत. हा ग्राउंड लूप. लोक सरळ अँप्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर अँप्लिफायरच्या धातूच्या बॉडीवर 230 व्होल्ट येतात. बॉडी अर्थला थेटच जोडलेली ठेवा. आरसीए सॉकेट बॉडीपासून प्लॅस्टिकच्या वॉशरने वेगळे करा. सिग्नल ग्राउंड आणि बॉडी यांच्यामध्ये 10 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर घाला, आणि त्याला समांतर 35 अँपिअरचा ब्रिज: त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडायचे, दोन्ही एसी टोकं रेझिस्टरच्या दोन बाजूंना. सेट टॉप बॉक्स जोडलेला असेल तर केबल टीव्हीची वायर उपसून पाहा, पुष्कळदा लूप तिथूनच येतो.

साताऱ्याकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात पाणी घाला, पण ते सुरक्षिततेसाठी. घरघर त्याने जात नाही.

व्हॉल्यूम पॉटची (नॉबमागच्या फिरत्या रेझिस्टरची) धातूची बॉडी ग्राउंड करा. अँप्लिफायरच्या आतल्या शिल्डेड वायरचं शिल्ड एकाच टोकाला जोडा. कपॅसिटर स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, 100 ओहम, 5 वॅटच्या रेझिस्टरने रिकामा करा.

स्पीकर काढूनही गुणगुण ऐकू येत असेल तर ट्रान्सफॉर्मरच हलतोय. बोल्ट आवळा, खाली रबर घाला. टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा असेल तर मधल्या बोल्टची दोन्ही टोकं धातूच्या बॉडीला टेकू देऊ नका. तसं झालं तर तो शॉर्ट झालेला वेढा बनतो, आणि फ्यूज उडाला नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो.