अंथरुणावरच्या रुग्णाला स्पंज कसा द्यावा आणि पाठ कशी सांभाळावी

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, असो की बी.एस्सी. नर्सिंग, वॉर्डात पहिलं पाऊल टाकलं की इंजेक्शन कधी द्यायला मिळतंय याची घाई असते. हातात येतो तो मात्र स्पंज, म्हणजे रुग्णाचं अंग खाटेवरच ओल्या फडक्याने पुसून काढणं, आणि बरेच जण तो उरकून टाकतात. खरं तर रुग्णाचं अंग डोक्यापासून टाचेपर्यंत उजेडात पाहण्याची दिवसातली ही एकच हक्काची वेळ. राउंडला येणारे डॉक्टर रुग्णाला कुशीवर वळवून पाठ क्वचितच पाहतात. त्यामुळे शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, इथेच वेळेवर सापडतो किंवा नजरेतून सुटतो. घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर यातलं बहुतेक सगळं घरच्यांनाही जमेल.

सुरुवात विचारण्यापासून. मणक्याला मार लागलेला, खुब्याचं ऑपरेशन झालेला किंवा बीपी वर-खाली होणारा रुग्ण असेल तर स्टाफ सिस्टरना विचारल्याशिवाय हलवायचं नाही. मणक्याच्या रुग्णाची मान, पाठ आणि कंबर एका रेषेत ठेवून एकदम वळवावं लागतं; त्याला तीन-चार माणसं लागतात, एकट्याने हात घालू नका. रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात गेलेल्या नळीतून, नुकतंच फीड (पातळ अन्न) दिलं असेल तर निदान अर्धा-पाऊण तास थांबा. लगेच आडवं केलं तर फीड वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं.

सामान आधीच ट्रॉलीवर मांडा: दोन बेसिन, साबण, तीन-चार फडकी, टॉवेल, धुतलेली चादर, ड्रॉ शीट (कमरेखाली घालायची आडवी चादर), मॅकिन्टॉश (तिच्याखालचं रबरी कापड), कपडे, हातमोजे. अंगावरचे कपडे काढून ठेवलेल्या रुग्णाला तसंच सोडून टॉवेल शोधायला जाणं याला माझ्या मते माफी नाही. पंखा बंद करा, पडदा ओढा. हात साबणाने धुणार असाल तर ४० ते ६० सेकंद, हँडरब (हातावर चोळायचं सॅनिटायझर) वापरणार असाल तर २० ते ३० सेकंद. पाणी साधारण ४३ ते ४६ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. ऊब लागली पाहिजे, चटका नको. मधुमेह किंवा अर्धांगवायू झालेल्या रुग्णाला अनेकदा चटका कळत नाही, त्यामुळे त्याच्या ‘बरं लागतंय’वर विसंबू नका.

प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगा. ‘आजी, आता तोंड पुसते हं.’ बेशुद्ध रुग्णालासुद्धा सांगा; त्याला ऐकू येत असू शकतं.

पहिले डोळे, बिनसाबणाच्या पाण्याने, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर. दुसऱ्या डोळ्याला फडक्याचं दुसरं टोक. मग चेहरा, मान, हात मनगटाकडून खांद्याकडे, छाती, पोट, पाय. पोटऱ्या रगडायच्या नाहीत. तिथे रक्ताची गुठळी असली तर सुटून पुढे जायची भीती असते. जो भाग धुताय तेवढाच उघडा, बाकी झाकलेला. साबण राहू देऊ नका. स्तनांखाली, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत टॉवेल टेकवून पाणी टिपा. पाणी बदलून पाठ. गुप्तांगाची स्वच्छता शेवटी, पुढून मागे, हातमोजे घालून.

आता कुशीवर वळवणं. खाट तुमच्या कमरेइतकी वर घ्या. रुग्ण ज्या बाजूला वळणार त्या बाजूला उभे राहा. त्याचा पलीकडचा हात छातीवर घ्या, पलीकडचा गुडघा दुमडा, एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेखाली ठेवून स्वतःकडे वळवा. आपले पाय फाकवून गुडघे वाकवा, पाठ नको. वळवण्याआधी सलाईनची नळी आणि लघवीची पिशवी पाहून घ्या; पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. वळलेल्या बाजूचं रेलिंग वर करूनच दुसऱ्या बाजूला जा. तिथून मळकी चादर चटईसारखी गुंडाळत पाठीपर्यंत आणा, नवी तिच्या मागोमाग पसरा, रुग्णाला त्या उंचवट्यावरून परत वळवा आणि उरलेली ओढून घ्या. सुरकुती राहू देऊ नका. वर सरकवायचं असेल तर ड्रॉ शीट धरून दोघांनी उचला. एकट्याने काखेत हात घालून ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे जातं. नेमकं तिथेच आतल्या आत फाटतं.

पाठ उघडी आहे तोवर नीट पाहा. माकडहाड, खवाटे, कोपरं, टाचा, डोक्याची मागची बाजू. कुशीवर असेल तर कान, खुबा, घोटे. ऑक्सिजनची नळी कानामागे रुतते, तेही पाहा. लाल दिसलं तर बोटाने हलकं दाबून तीन सेकंदांनी सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त फिरतंय. लाली हललीच नाही तर ती बेडसोअरची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर ही लाली सहज दिसत नाही, आणि आपले बहुतेक रुग्ण सावळे असतात. तिथे जांभळट किंवा काळसर झाक शोधा, हाताची पालथी बाजू लावून आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा मऊ लागतंय का ते पाहा.

अशा जागेवर चोळायचं नाही. स्पिरिट आणि पावडर लावून पाठ रगडायची जुनी रीत अजून कुठे कुठे दिसते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि रगडण्याने आधीच दबलेली जागा आणखी दुखावते. रबरी रिंगही नको, तिच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो. एअर बेड चांगला, पण तो आहे म्हणून कूस बदलणं थांबत नाही.

सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण आडवं कुशीवर न ठेवता पाठीला उशी देऊन ३० अंशांवर तिरकं ठेवा, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. धोका किती हे मोजायला ब्रेडन स्केल आहे, बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ साली मांडलेला. ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी म्हणजे सावध. डायपर ओला राहिला किंवा पोटात प्रथिनं गेली नाहीत तर नुसत्या कूस बदलण्याने भागणार नाही.

कूस बदलण्यात वॉर्डातल्या मदतनीस मावशी, मामा आणि नातेवाइकांना जरूर सामील करा, पण कातडी स्वतः पाहा आणि लगेच लिहा. ‘बॅक केअर दिली’ एवढ्याने पुढच्या ड्युटीला काही कळत नाही. ‘दहा वाजता डाव्या कुशीवर दिलं, उजव्या टाचेवर रुपयाएवढी लाली, दाबल्यावर जात नाही, सिस्टरना सांगितलं’ असं लिहा आणि हँडओव्हरच्या वेळी खाटेपाशी नेऊन ती टाच दाखवा.