व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने चालवलेला संगणक, आणि त्याची डिस्क म्हणजे सर्व्हरवरची एक फाइल. ती फाइल कॉपी केली, नव्या सर्व्हरवर मशीन चालू केलं, झालं काम. पहिल्यांदा मीही असंच धरून चाललो होतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे चालू मशीनची फाइल उचलणं. कॉपी शेवटापर्यंत पोचेस्तोवर आतला डेटाबेस लिहीतच असतो, त्यामुळे फाइलचा एक भाग आधीचा, दुसरा नंतरचा. मशीन बूट झालं तर उलट जास्त वाईट, कारण खराब टेबल चार दिवसांनी सापडतं. मशीन आतून शटडाउन करा. बंद ठेवणं शक्यच नसेल तर हायपरव्हायजरचं (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू मशीन तसंच हलवण्याची सोय आहे, पण इंटेल प्रोसेसरवरून एएमडीवर चालू मशीन न्यायच्या भानगडीत पडू नका.

स्नॅपशॉट (मशीनची एका क्षणाची जतन केलेली स्थिती; त्यानंतरचे बदल वेगळ्या फाइलीत जातात) आधी मूळ डिस्कमध्ये मर्ज करा. फक्त बदलांची फाइल नेली आणि मूळ डिस्क मागेच राहिली, तर नेलेल्या फाइलचा काही उपयोग नाही.

कॉपी करताना आकारही बघा. १०० जीबीची डिस्क, आत डेटा जेमतेम १८ जीबी. साध्या एससीपी कमांडने पाठवली की पलीकडे पूर्ण १०० जीबी जागा खाते. आरसिंक या दुसऱ्या कॉपी कमांडला स्पार्सचा पर्याय द्या, म्हणजे रिकामा भाग जागा खात नाही.

खरी डोकेदुखी हायपरव्हायजर बदलताना होते. व्हीएमवेअरवरचं विंडोज केव्हीएम या दुसऱ्या हायपरव्हायजरवर आणून डिस्क थेट व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या जोडणीवर) जोडली, की निळा स्क्रीन: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. डेटा शाबूत असतो, फक्त डिस्क वाचणारा ड्रायव्हर नसतो. अशा वेळी मुख्य डिस्क नेहमीच्या साटा जोडणीवर जोडून बूट करा. सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर लावा, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर टाका, शटडाउन करा आणि मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. रेड हॅट कुळातल्या लिनक्सचंही असंच होतं, कारण तिथला इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर ज्यात असतात तो संच) जुन्या हार्डवेअरपुरताच बांधलेला असतो. बूट मेन्यूतला रेस्क्यू पर्याय निवडून आत जा आणि तो नव्याने बांधा. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत) डिस्कचं नाव ‘एसडीए’ असं लिहिलेलं असेल तर तिथे यूयूआयडी हा न बदलणारा ओळख क्रमांक घाला; नव्या घरी ती ‘व्हीडीए’ झालेली असते.

बूट डिस्कच दिसत नसेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी फर्मवेअर (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर; यूईएफआय किंवा बायोस) तपासा. यूईएफआयवर बसवलेलं मशीन बायोसवर उठत नाही. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

मशीन उठलं पण पिंग नाही, म्हणजे नेटवर्कवर उत्तरच देत नाही? नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं आणि स्थिर आयपी जुन्या नावालाच चिकटलेला असतो. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) जुनाच ठेवा, म्हणजे डीएचसीपीचं (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेचं) आरक्षण आणि मॅकला बांधलेली लायसन्सं तरी टिकतात.

मात्र जुना मॅक ठेवलात तर जुन्या सर्व्हरवरच्या मशीनचं ऑटोस्टार्ट आठवणीने बंद करा. माझं राहिलं होतं. महिन्याभराने तो सर्व्हर रीबूट झाला, जुनं मशीन गुपचूप उठलं आणि एकाच आयपीवर दोन मशीनं बोलू लागली. अर्ध्या ऑर्डरी एका डेटाबेसमध्ये, अर्ध्या दुसऱ्यात. तेव्हापासून मी जुन्या मशीनचं नेटवर्क कार्डच काढून टाकतो. डिस्क मात्र पंधरा दिवस पुसत नाही.